लिंबूसत्व, बोअरचं पाणी आणि ७९६ सीसी

बॉनेट उघडलं की पहिल्यांदा दिसतं ते उंदराचं घर. एअर फिल्टरच्या डब्यात, नाहीतर बॅटरीच्या ट्रेखाली. सुतळीचे धागे, सीटमधला स्पंज, सोयाबीनची टरफलं, कुठल्यातरी लग्नपत्रिकेचे कपटे. धाराशिव जिल्ह्यात ऑक्टोबरात सोयाबीनची रास होते, पोती शेडमध्ये येतात, पोत्यांमागून उंदीर येतात, आणि पोत्यांना खेटून उभी असलेली जुनी मारुती ८०० त्यांना माळ्यासकट बांधलेल्या कोठीसारखी वाटते.

म्हणून घरी गाडी दुरुस्त करायला घेणाऱ्याचा पहिला दिवस इंजिनात जात नाही, वायरींत जातो. हत्यार म्हणजे एक टेस्ट लॅम्प: इंडिकेटरचा बल्ब, त्याला दोन वायरी, एक बॉडीला चिमट्याने लावलेली आणि दुसरीला टोकदार खिळा. एकेका जोडाला टोचत जायचं. बल्ब लागला तर करंट येतोय, नाही लागला तर मागे वळायचं. उंदरांनी खाल्लेली वायर लगेच कळते, कारण तिच्या टोकावर दातांची नक्षी असते. खरा त्रास देतात ते माणसांनी केलेले जोड. पंचवीस वर्षांत कुणी टेप बसवला, कुणी हॉर्न बदलला, कुणी रात्री रस्त्यात अडकल्यावर दोन वायरी पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली. लाल वायर अर्ध्या वाटेत हिरवी होते आणि डॅशबोर्डमागे शिरताना पिवळी. जुन्या गाडीचं काम निम्मंअधिक असंच असतं. कंपनीने केलेली चूक क्वचित सापडते, बाकी सगळं आपल्याआधीच्या हुशार लोकांनी केलेलं निस्तरायचं असतं.

गाडी बहुधा वडिलांनी घेतलेली असते. विकून हाती फारसं काही लागत नाही, आणि विकवत तर मुळीच नाही. १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुतीची किल्ली हरपाल सिंग यांना मिळाली, तेव्हा किंमत होती सुमारे ४७,५०० रुपये. ती पहिली गाडीसुद्धा त्यांच्या पश्चात बरीच वर्षं उघड्यावर गंजत पडली होती. पुढे ती दुरुस्त झाली आणि २०२२ मध्ये कंपनीच्या मुख्यालयात मांडण्यात आली. शेडमध्ये पोत्यांशेजारी उभ्या असलेल्या गाडीच्या मालकाला ही गोष्ट नक्की ठाऊक असते, कारण मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघता बघता ती कधीतरी समोर येतेच. त्याला त्यातून धीर येतो. घरच्यांना येत नाही.

या भागात ८०० इतकी टिकून राहिली त्यामागे एक सरकारी कारणही आहे. १ एप्रिल २०१० पासून देशातल्या तेरा शहरांत भारत स्टेज चारचे प्रदूषण नियम लागू झाले आणि त्या शहरांत नवी ८०० विकणं बंद झालं. दिल्ली, मुंबई, पुणे अशा मोठ्या नावांच्या यादीत सोलापूरही होतं. सत्तरेक किलोमीटरवरच्या तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्याला ती अट नव्हती. जानेवारी २०१४ मध्ये कारखान्यातून शेवटची ८०० बाहेर पडली, तोवर देशात २५ लाखांहून अधिक विकल्या गेल्या होत्या. त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात. धाराशिवात नसलं तर सोलापुरात, आणि तिथेही नसलं तर भंगारात उभ्या असलेल्या दुसऱ्या ८०० च्या पोटात.

हवाही गाडीच्या बाजूची आहे. कोकणातल्या गाडीचा दाराखालचा पत्रा बोटाने दाबला तर आत जातो. इथल्या कोरड्या हवेत तोच पत्रा वीस-पंचवीस वर्षांनीही ठणठणीत वाजतो. इथली गाडी गंजाने मरत नाही. ती मरते पाण्याने, आणि तेही पावसाच्या नव्हे.

रेडिएटरचं झाकण उघडून आत बोट घातलं की बोट तांबडं-पांढरं होऊन बाहेर येतं. दुष्काळी भागात गाडीला कूलंट घालणं ही चैन समजली जायची. घरात जे पाणी तेच रेडिएटरला, आणि घरात पाणी बोअरचं. काळ्या पाषाणातून दोन-तीनशे फुटांवरून उपसलेल्या या पाण्यात क्षार इतके की हिटरच्या कॉइलवर सहा महिन्यांत पांढरा पापुद्रा चढतो. तोच पापुद्रा रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि इंजिनाभोवतीच्या पाण्याच्या वाटांत वर्षानुवर्षं चढत राहतो. उष्णता बाहेर जाण्याचा रस्ता अरुंद होतो आणि वर एप्रिल-मेचा चाळिशीपलीकडचा पारा असतो. गाडी तापू लागते. मग गॅरेजवाला हमखास एक उपाय सांगतो: थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्याकडं लागत नाही ते.

हा सल्ला या भागातल्या जुन्या गाड्यांवर सर्रास झालेला आहे. थर्मोस्टॅट म्हणजे एक मेणाची झडप. इंजिन गार असताना ती बंद राहते, पाणी आतल्या आत फिरतं आणि इंजिन लवकर तापून आपल्या ठरलेल्या उष्णतेला येतं; मग मेण फुगतं, झडप उघडते, पाणी रेडिएटरकडे जातं. ती काढली की पाणी पहिल्या क्षणापासून रेडिएटरमधून फिरतं. हिवाळ्यात सकाळी गाडी कितीतरी किलोमीटर अर्धवट गारच पळते, पेट्रोल जास्त पिते, तेल पातळ होत नाही, सिलिंडर झिजतात. उन्हाळ्यातल्या रोगावर हिवाळ्यात दुखणं देणारं हे औषध. मूळ रोग, म्हणजे क्षारांचा थर, जिथल्या तिथेच.

घरच्या दुरुस्तीत इथे स्वयंपाकघर कामाला येतं. किराणा दुकानातलं लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, गरम पाण्यात विरघळवून रेडिएटरमध्ये भरायचं, इंजिन काही वेळ चालू ठेवायचं आणि मग खालचा पाइप सोडायचा. बाहेर येणारं पाणी आधी चहाच्या रंगाचं असतं, मग विटकरी, आणि त्यात अंड्याच्या कवचासारखे तुकडे. हे दोन-तीनदा करावं लागतं. आम्ल फार वेळ आत ठेवलं तर ते ॲल्युमिनियमच्या हेडलाही खायला कमी करत नाही, म्हणून शेवटी साध्या पाण्याने भरपूर खळबळून घ्यायचं. मग नवा थर्मोस्टॅट, कूलंट आणि त्यात मिसळायला बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी. बोअरचं नाही. शेजारून जाणारा कुणीतरी हटकतोच: गाडीला विकतचं पाणी? ज्या गावात माणसं टँकरची वाट बघत उन्हाळे काढतात तिथे हा प्रश्न चुकीचाही म्हणता येत नाही.

तापून तापून हेड गॅसकेट गेली असेल तर काम वाढतं. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर दोन्ही सारखे प्रसरण पावत नाहीत आणि वाकतं ते हेड. खूण सोपी आहे. तेलाची दांडी ओढली की तिच्यावर ताकासारखा फेस दिसतो, म्हणजे पाणी तेलात उतरलंय. तीन सिलिंडरांचं हे ७९६ सीसीचं इंजिन घरी उघडण्याइतकं लहान आहे आणि हेड दोन माणसांत सहज उचललं जातं. पण ते सपाट करायचं यंत्र घरी नसतं. हेड पोत्यात गुंडाळून मशीन शॉपला न्यायचं आणि फेसिंग मारून आणायचं. परत बसवताना बोल्ट मधून सुरू करून कडेकडे, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने आवळायचे. जुने मिस्त्री अंदाजाने आवळतात आणि त्यांचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो. घरच्या माणसाने तो मोह करू नये. ब्लॉकमधले आटे एकदा गेले की परत येत नाहीत.

पाण्यानंतर पेट्रोल. इथे गोष्ट अगदी बांधापर्यंत येते. धाराशिव हा दुष्काळाचा आणि तरीही उसाचा जिल्हा. उसाची मळी, उसाचा रस, शिवाय मका आणि तांदूळ यांपासून इथेनॉल होतं आणि ते पेट्रोलमध्ये मिसळतं. २०२५ पासून देशभर पंपांवर वीस टक्के मिश्रणाचं पेट्रोलच मिळू लागलं. इथेनॉलशी जिल्ह्याची सलगी जुनी आहे. कळंब तालुक्यात चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्याने २०२१ च्या करोनाच्या लाटेत आपल्या इथेनॉल प्रकल्पात फेरफार करून वैद्यकीय ऑक्सिजन काढून दाखवला होता. तेव्हा जुन्या यंत्राला नव्या कामाला लावण्याचं वावडं या मातीला नाही.

पण १९९८ च्या ८०० ला कुणी विचारलं नव्हतं. तिचे रबरी पाइप, पेट्रोल पंपातला पडदा, कार्ब्युरेटरमधल्या सील हे सगळं निव्वळ पेट्रोलच्या हिशोबाने केलेलं. इथेनॉलमध्ये साधं रबर फुगतं, मऊ पडतं, मग तडकतं. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या टाकीत पाणी तळाला बसू शकतं. शिवाय इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश. नव्या गाडीतला सेन्सर धुरातला ऑक्सिजन बघून मिश्रण दुरुस्त करतो; कार्ब्युरेटर बिचारा पितळेच्या जेटला जेवढं भोक तेवढंच इंधन देतो, त्यामुळे मिश्रण पातळ पडतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटलं होतं की निव्वळ पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींचं मायलेज वीस टक्के मिश्रणावर सहा ते सात टक्के घटेल. गॅरेजच्या भाषेत ते असं उतरतं: सकाळी चोक ओढल्याशिवाय घेत नाही, चढाला मिसिंग मारते.

म्हणून दुरुस्ती आणि सुधारणा यांतली सीमा इथे पुसली जाते. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप बदलायचे, तेही इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे. पंपाचा पडदा नवा. कार्ब्युरेटर उघडून स्टीलच्या ताटात मांडायचा, आणि ताट मुद्दाम स्टीलचं, कारण त्यातले स्प्रिंग आणि गोळ्या फरशीवर पडल्या की थेट शेणकुटाच्या ढिगात जातात. जेटमध्ये तार घालून साफ करायची सवय इथे सार्वत्रिक आहे आणि ती वाईट आहे. पितळ मऊ असतं, तारेने भोक मोठं होतं आणि त्यावर कोरलेला नंबर खोटा ठरतो. क्लीनर मारायचा, हवेने फुंकायचं, उजेडाकडे धरून डोळ्याने बघायचं. त्या भोकातून ट्यूबलाइट दिसली की झालं.

खरी म्हणावी अशी एकच सुधारणा, आणि ती सगळ्यांत स्वस्त: हेडलाइटला रिले. ८०० च्या दिव्यांचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या बारक्या स्विचमधून फिरून येतो. साठ वॅटचे दोन बल्ब, बारा व्होल्ट, म्हणजे दहा अँपिअर. जुन्या वायरी आणि झिजलेले पॉइंट यांत वाटेतच एखाद-दुसरा व्होल्ट गळतो. बल्बचा स्वभाव असा की व्होल्टेज दहा टक्के घटलं तर उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. रिले बसवला की स्विच फक्त हुकूम सोडतो, करंट बॅटरीतून जाड वायरीने सरळ दिव्याला जातो. तेच बल्ब, तीच काच, पण नांगरटीच्या दिवसांत अंधारात दिवे न लावता जाणारा ट्रॅक्टर आता वेळेत दिसतो.

रुंद टायर, निळे-पांढरे झगमगते दिवे, कर्कश हॉर्न हे बाकीचे हट्ट बहुधा घरातल्या कॉलेजवाल्या पोराचे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ नोंदीशी विसंगत फेरफाराला आडवं येतं, आणि साडेसहाशे किलोच्या या गाडीची बारा इंची चाकं उगीच फुगवली तर स्टिअरिंग जड होऊन पोरालाच घाम फुटतो. बापलेकांचा हा वाद रंगाच्या छटेवर मिटतो.

रंग मात्र घरी जमत नाही. धूळ हे कारण. उन्हाळ्याच्या वाऱ्यात काळ्या रानावरून उठलेली माती ओल्या रंगावर बसली की पत्रा पापडासारखा दिसतो. डेंटिंग-पेंटिंग बाहेरून करून घ्यावं लागतं आणि त्यात एक गोम असते, ती महिन्यांनी आरटीओच्या आवारात कळते.

खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा पंधरा वर्षांची, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. १९९८ ची गाडी म्हणजे २०१३, २०१८, २०२३ आणि आता २०२८. मोटारगाडीच्या नूतनीकरणाचं केंद्रीय शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झालं, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या गाडीला १०,०००. वर पर्यावरण कर, पीयूसी, विमा आणि जुन्या गाड्यांना सक्तीची झालेली नवी नंबरप्लेट. लिंबूसत्वाचा, पाइपांचा, रिलेचा, थर्मोस्टॅटचा सगळा खर्च एका बाजूला ठेवला तरी हा कागदांचा खर्च कधी कधी जड भरतो. कुणी त्यावर तावातावाने बोलतं, कुणी नुसतीच मान हलवतं. गाडी भंगारात दे म्हणून सांगण्याची ही सभ्य रीत आहे, असं बऱ्याच जणांचं मत, आणि ते अगदीच बिनबुडाचं नाही.

तपासणीला गाडी उभी राहते. दिवे लागतात, हॉर्न वाजतो, ब्रेक लागतो. मग चासी नंबर दाखवा म्हणतात. तो असतो इंजिनामागच्या पत्र्यावर ठोकलेला, आणि पेंटरने नेमका त्यावरूनच दोन हात रंग मारलेला असतो. मालक खिशातून पॉलिश पेपरचा तुकडा काढतो, थुंकी लावून हळूहळू घासतो. नवा रंग जातो, खालचा जुना जातो, प्रायमर जातो, मग एकेक आकडा उघडा पडतो. त्यावर पातळ कागद धरून आडव्या पेन्सिलीने छाप घ्यायची. काळ्या शिसात पांढरे आकडे उमटतात. अधिकारी तो कागद जुन्या आरसीशी ताडून बघतो. त्या आरसीवर जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद आहे, भिंतीवरच्या पाटीवर धाराशिव. गाडीचा एमएच-२५ तसाच आहे.