कुंडी आणण्याआधी उन्हाचा हिशेब मांडा

आमच्या आईचा एक मोगरा होता. वस्तीतल्या जुन्या घरासमोर, तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यात तिने तो लावला होता. उन्हाळ्यात रोज ओंजळभर फुले निघत. पुढे पुनर्वसनाच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली, तेव्हा सामानाच्या टेम्पोत भांड्यांबरोबर तो डबाही आला. आईने तो खिडकीच्या जाळीत ठेवला. रोज पाणी, महिन्याकाठी शेणखत, काही कमी केले नाही. फांद्या लांबल्या, पाने आली. पण दोन उन्हाळे गेले तरी एक कळी धरली नाही.

कोणी म्हणाले, दृष्ट लागली. कोणी म्हणाले, दिशा चुकली. मी पडलो कारकून, जमाखर्च लिहिण्यात आयुष्य गेलेले. एका रविवारी सकाळी सात वाजता कागद-पेन्सिल घेऊन खिडकीशी बसलो आणि मोगऱ्यावर ऊन कधी येते, कधी जाते ते लिहीत गेलो. संध्याकाळी बेरीज केली. अवघा दीड तास! समोरची विंग आड येत होती. मोगऱ्याला फुलायला पाच-सहा तास तरी थेट ऊन लागते. दृष्ट नव्हती, दिशाही नव्हती. उन्हाच्या खात्यात शिल्लकच नव्हती.

वाचक बंधू-भगिनींनो, हा अनुभव एवढ्यासाठी सांगितला की आपल्यापैकी अनेक कुटुंबे आता बैठ्या घरांतून इमारतींत गेली आहेत. घरात हिरवळ असावी असे प्रत्येकाला वाटते. नर्सरीत फुललेले रोप दिसते, आपण पैसे मोजतो आणि महिन्याभरात रिकामी कुंडी उरते. मग 'आपल्या हाताला यश नाही' असे गृहिणी म्हणते. दोष हाताचा नसतो, निवडीचा असतो. म्हणून झाड आवडले की नाही हे नंतर बघा, आधी आपल्या जागेचा हिशेब मांडा.

पहिला हिशेब उन्हाचा. तो वर्षातून दोनदा मांडावा, डिसेंबरात आणि मे महिन्यात. कारण सूर्य सरकतो. हिवाळ्यात तो दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीत भरपूर ऊन येते. मे-जूनमध्ये मात्र आपल्याकडे तो दुपारी डोक्यावर असतो आणि त्याच खिडकीत ऊन जवळजवळ येतच नाही. पाच-सहा तास ऊन असेल तर मोगरा, जास्वंद, गुलाब, सदाफुली, चिनी गुलाब, झेंडू खुशाल लावा. सकाळचे दोन-तीन तास कोवळे ऊन मिळत असेल तर अबोली आणि रंगीत पानांचा कोलियस चांगला होतो. थेट ऊन नाही, नुसता उजेड आहे, अशा घरात फुलांचा हट्ट सोडावा. तेथे मनी प्लॅंट, स्नेक प्लॅंट, स्पायडर प्लॅंट, नेचे ही पानांची झाडे आनंदाने राहतात.

दुसरा हिशेब पाण्याचा. कुंडीतली झाडे तहानेपेक्षा लाडाने जास्त मरतात. माती सतत ओली राहिली की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. बोटाची दोन पेरे मातीत घालून पाहावे. आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये. डब्याच्या तळाला चार-पाच भोके हवीतच. दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग नारळाच्या काथ्याचा भुसा, असे मिश्रण केले तर माती भुसभुशीत राहते आणि वजनही कमी होते. वजनाकडे दुर्लक्ष करू नका. दहा लिटरच्या बादलीएवढी ओली माती पंधरा किलोच्या आसपास भरते. जुन्या, गंजलेल्या जाळीत अशा कुंड्यांची रांग लावणे म्हणजे खालून जाणाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे.

कुंडीखालच्या ताटलीतले साचलेले पाणी हा आणखी एक धोका. डेंग्यू पसरवणारा डास अशाच स्वच्छ, थोड्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून नवे डास उडू लागतात. दर रविवारी ताटल्या रिकाम्या करून घासून काढाव्यात. नुसते पाणी ओतून भागत नाही, कारण अंडी कडेला चिकटून राहतात. बाटलीतल्या मनी प्लॅंटचे पाणीही त्याच दिवशी बदलावे.

तिसरा हिशेब घरातल्या लहान मुलाचा. हा सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच कोणी मांडत नाही. आमच्या मजल्यावरच्या दीड वर्षाच्या मुलीने दिवाणाजवळ ठेवलेल्या डिफेनबाखियाचे पान चावले. हिरव्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या मोठ्या पानांचे हे झाड शोभेसाठी घरोघरी असते. त्याच्या पानात सुईसारखे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. पोरीची जीभ आणि ओठ सुजले, लाळ थांबेना, रडायचे तरी आवाज फुटेना. ताबडतोब दवाखान्यात नेले म्हणून निभावले. मनी प्लॅंटच्या पानातही असेच स्फटिक असतात. कण्हेर आणि पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, यांचे विष तर थेट हृदयावर परिणाम करते. बिट्टीच्या बियांनी मुलांना खेळू देऊ नका. रांगते मूल असलेल्या घरात स्पायडर प्लॅंट, अरेका पाम किंवा नेचे ठेवावेत. बाकीची झाडे हात पोहोचणार नाही अशा उंचीवर टांगावीत.

आता थोडे मनी प्लॅंटविषयी. तो चोरून आणला तर पैसा येतो, असे शिकलेली माणसेही सांगतात. प्रशांत महासागरातल्या बेटावरची ही वेल. तिला आपल्या पगाराची काय खबर? शेजाऱ्याकडे मागून फांदी घ्या, बदल्यात आपल्याकडची एक द्या. पावसाळ्यात जास्वंद, कोलियस, मनी प्लॅंट यांच्या फांद्या सहज जगतात. रंगाचे रिकामे डबे धुऊन घेतले की कुंडीचाही खर्च नाही. एका मजल्यावरच्या चार बायांनी मनावर घेतले तर एका पावसाळ्यात सगळा मजला हिरवा होईल.

आईचा मोगरा आम्ही समाजमंदिराच्या अंगणात नेऊन लावला. तेथे दिवसभर ऊन असते. आई आधी रुसली. घरातले झाड बाहेर दिले म्हणून दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जानेवारीत त्याची छाटणी केली. एप्रिलमध्ये बालवाडीच्या मुलांनी ओंजळ भरून फुले तिला आणून दिली. त्या संध्याकाळी तिने खिडकीतल्या रिकाम्या जागेकडे पाहिले आणि म्हणाली, "इथे आता सावलीत जगणारे काहीतरी आण."

दुसऱ्या दिवशी मी शेजारून स्पायडर प्लॅंटचे एक पिल्लू मागून आणले.