सुपारी कुणाच्या कमरेला?

"वास्तुशांत करायची आहे गं, जरा येऊन यादी करून दे," असा पंतनगरच्या काकूंचा फोन आला आणि मी वही-पेन घेऊन निघाले. घाटकोपर पूर्वेचं पंतनगर म्हणजे म्हाडाची जुनी वसाहत. लिफ्ट नसलेल्या बुटक्या इमारती, छोटी घरं आणि दार उघडं ठेवायची सवय. आता तिथे एकेक करून टॉवर उभे राहताहेत. काकूंचीही इमारत पाडली. पाच वर्षं त्या मुलगा-सुनेबरोबर कळव्याला भाड्याने राहिल्या आणि परवा अकराव्या मजल्यावरच्या घराची किल्ली हातात आली.

मुहूर्त बघण्याआधी मी भोगवटा प्रमाणपत्राचं विचारलं. (मैत्रिणींनो, तुमच्या गावात फ्लॅट घेतलात तरी हा कागद आधी बघा, गुरुजींना मग बोलवा.) ते आलं होतं. मुलाला रविवार हवा होता, पण रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक! डोंबिवलीची मंडळी मुलुंडच्या अलीकडेच अडकली तर पंगत थंडगार. म्हणून सुट्टीचा वार सोडून गुरुवार धरला. सकाळी पूजेला फक्त घरची माणसं, बाकीच्यांनी संध्याकाळी पाचनंतर केव्हाही यावं, असं ठरवलं. मुंबईच्या घरात पन्नास माणसं एकदम आली तर यजमानीणबाईंनाच जिन्यात उभं राहावं लागतं.

होमाचा प्रश्न निघाला. नव्या इमारतीत धुराची सूचना देणारं यंत्र असतं, त्यामुळे सोसायटीला आधी कळवून कुंड गॅलरीजवळ ठेवायचं ठरलं. होमच नको असेल तर उदकशांत करता येते. वास्तुपुरुषाची प्रतिमा आग्नेयेला पुरायची, पण आपली जमीन म्हणजे खालच्यांचं छत! तेव्हा त्या कोपऱ्यातली एक फरशी आधीच काढवून घेतली, स्लॅबला हात न लावता. जेवण केटररचं. मसालेभात, अळूची भाजी, जिलबी, मठ्ठा. पुऱ्या मात्र घरी, कारण केटररच्या पुऱ्यांवर काकूंचा विश्वास नाही.

यादी संपली असं वाटलं आणि मी सहज विचारलं, "पूजेला कोण बसणार?"

कुणी काही बोलेना. मग सून म्हणाली, "आम्ही दोघं. गुरुजींनी तसंच सांगितलंय."

काकूंचे यजमान जाऊन अठरा वर्षं झाली. खोली त्यांच्यामागे काकूंच्या नावावर झाली. सोसायटीच्या सभासद काकू. पुनर्विकासाच्या करारावर सही काकूंची, किल्लीच्या पावतीवरही त्यांचीच. एवढ्या सगळ्या कागदांवर जी बाई चालली, ती पाटावर चालेना.

मुलगा वाईट नाही हो. पण मुलुंडच्या आत्या तिथेच बसलेल्या. त्या म्हणाल्या, "सवाष्णीशिवाय शांत होते का कुठे?" तेव्हा काकूंनी जे विचारलं ते माझ्या मनातून जात नाही. "दादांच्या बायकोच्या मागे दादा पूजेला बसले, तेव्हा कमरेला सुपारी खोचून बसले ना? बाई गेली तर तिच्या जागी सुपारी चालते. मग माझ्यासाठी का नाही?"

आत्यांना उत्तर सुचलं नाही. आवाज चढायला लागले तशी सून म्हणाली, "नव्या घरात वाकडं बोलू नका, वास्तू तथास्तु म्हणते."

काकूंचं माहेर शिरोळ तालुक्यातलं. त्याच तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र नि जोडवी काढणं, सगळं बंद. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. पुढे दोन आठवड्यांच्या आतच, १७ मेला, राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवण्याचं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. सरकार घरकुलातही बाईचं नाव लावतं. मुंबईच्या झोपडपट्टी पुनर्वसनात घर नवरा-बायको दोघांच्या मालकीचं होतं. पण ठराव नि परिपत्रक देवघराच्या उंबऱ्यापर्यंतच येतं. पुढचं पाऊल घरातल्यांनीच टाकायचं असतं, आणि तिथेच आपली गाडी अडते. मी स्वतः बचत गटाच्या हळदी-कुंकवाला किती वर्षं फक्त सवाष्णींनाच बोलावत होते, हे आठवून मला तिथे बसल्या जागी ओशाळल्यासारखं झालं.

पहिल्या गुरुजींनी "मला जमणार नाही" म्हणून सरळ सांगितलं. मग मला पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीची आठवण झाली. तिथे स्त्रियांनाही पौरोहित्य शिकवतात. चौकशी करत करत ठाण्याच्या एक पुरोहितबाई मिळाल्या. त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, "घर कुणाचं? मग त्याच बसतील."

गुरुवारी काकू हिरवट काठाची साधी साडी नेसून पाटावर बसल्या, शेजारी मुलगा-सून. पुरोहितबाई म्हणाल्या, सुपारीची गरज नाही. तरी काकूंनी ताटातली एक उचलली आणि कमरेला खोचली. "असू दे. त्यांच्याच नोकरीवर खोली मिळाली होती. त्यांना बाहेर कशाला ठेवायचं?" दूधही त्यांनीच उतू घालवलं, ओटाभर.

संध्याकाळी जुन्या इमारतीतल्या सगळ्याजणी आल्या. हळदी-कुंकू कुणाला लावायचं नि कुणाला नाही, हे विचारायचंच नाही असं सुनेने स्वतःहून ठरवलं होतं. तळमजल्यावरच्या एक आजी कपाळ पुढे करायला बिचकल्या. मग त्यांनी डोळे मिटून घेतले.

आत्या पूजेला आल्या, पण जेवायला थांबल्या नाहीत. काकूंनी त्यांचा डबा भरला आणि नातवाच्या हाती मुलुंडला धाडला. सोमवारी डबा परत आला. आत चार बेसनाचे लाडू होते.