‘झुलू’ : शौर्याची कथा आणि सुटलेले प्रकरण

१९६४ साली प्रदर्शित झालेला ‘झुलू’ हा ब्रिटिश युद्धपट आजही प्रेक्षकांत दोन तट पाडतो. कोणी त्याला शौर्यपटांचा मानदंड मानतात, तर कोणी साम्राज्याचा गौरव. मतांची ही दरी समजून घ्यायची, तर चित्रपटाबरोबरच त्याने गाळलेला इतिहासही पाहावा लागतो.

२२ जानेवारी १८७९ रोजी दक्षिण आफ्रिकेतील इसांडलवाना येथे झुलू सैन्याने ब्रिटिश फौजेचा धुव्वा उडविला. त्याच दिवशी नाताळच्या सीमेवरील रोर्क्स ड्रिफ्ट या ठाण्यावर सुमारे १५० सैनिकांनी हजारो झुलू योद्ध्यांचा हल्ला रात्रभर थोपविला. या लढाईसाठी ११ व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आले. साय एन्डफिल्ड दिग्दर्शित चित्रपटाची कथा एवढीच.

चाहते सांगतात, चित्रपटात शत्रूची टवाळी नाही. झुलूंची शिस्त, व्यूहरचना आणि धैर्य आदराने दिसते. विजयानंतरही सैनिकांच्या चेहऱ्यावर उन्माद नसून थकवा आणि शरम आहे. राजा सेत्शवायोची भूमिका त्याचेच पणतू मँगोसुथू बुथेलेझी यांनी केली, हेही विशेष.

आक्षेप घेणारे म्हणतात, झुलूंना संवाद जवळपास नाहीत. ते समूह म्हणून येतात आणि समूह म्हणूनच मरतात. इतिहासाशीही मोकळीक घेतली आहे. हेन्री हूक हा सैनिक पडद्यावर दारुडा व कामचुकार दिसतो. प्रत्यक्षात तो मद्यापासून दूर राहणारा होता. अखेरीस झुलूंनी शूरांना दिलेली मानवंदना काल्पनिक आहे. उलट लढाईनंतर जखमी झुलूंना ठार मारण्यात आले, ते मात्र पडद्यावर येत नाही.

सर्वांत मोठी उणीव युद्धाच्या कारणाची. सैन्यव्यवस्था मोडा आणि राज्यात ब्रिटिश रेसिडेंट ठेवा, अशा मागण्यांचा निर्वाणीचा खलिता ११ डिसेंबर १८७८ रोजी झुलूंना देण्यात आला. महिन्याभरात ब्रिटिश फौजा झुलू राज्यात घुसल्या. लंडनची संमती नसताना हा डाव रचणारे उच्चायुक्त होते सर बार्टल फ्रियर. सातारा खालसा झाले तेव्हा तेथील रेसिडेंट आणि पुढे १८६२ ते १८६७ मुंबईचे गव्हर्नर असलेले तेच हे फ्रियर. ‘रेसिडेंट ठेवा’ या मागणीचा अर्थ सातारा, बडोदा, इंदूर, ग्वाल्हेरच्या दरबारांचा इतिहास जाणणाऱ्या मराठी वाचकाला वेगळा सांगावयास नको.

ठाण्यातील सैनिकांचे धैर्य खोटे नव्हते. पण हल्लेखोर म्हणून दिसणाऱ्या झुलूंच्या भूमीवर अकरा दिवसांपूर्वीच आक्रमण झाले होते, हे चित्रपट प्रेक्षकाला सांगत नाही. कथा कोठून सुरू करायची, हे ठरविताना बाजूही ठरून जाते. ‘झुलू’ अवश्य पाहावा. मात्र त्याआधीचे हे प्रकरण वाचून पाहावा.