रात्रीच्या ताटातले रंग आणि घरातली मराठी

उज्जैनमधील मराठी घरांतल्या तीन-चार वर्षांच्या मुलांना रंग छान ओळखता येतात. पण नावे विचारली की ‘रेड, यलो, ग्रीन’ किंवा ‘पीला, हरा, सफेद’ अशी उत्तरे येतात. यात मुलांचा दोष नाही. शाळेत इंग्रजी, गल्लीत हिंदी आणि टीव्हीवरही हिंदीच. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, तरी इथली मराठी घरे इथेच राहिली आणि पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत राहिली. आज मात्र नोकरदार घरात सगळे एकत्र येऊन मराठी बोलतात ते बहुधा रात्रीच्या जेवणालाच. म्हणून त्या अर्ध्या तासाबद्दल चार शब्द.

आमची सूनबाई बालवाटिकेत शिकवते. दिवसभर लहान मुलांना रंग, आकार, अंक शिकवून ती घरी येते, तेव्हा ताटाभोवती पुन्हा वर्ग भरवण्याचे त्राण तिच्यात नसते आणि तशी अपेक्षाही आम्ही ठेवत नाही. आठवड्याच्या मधल्या वारी स्वयंपाक साधाच असतो: वरण-भात, पोळी, एक भाजी, एखादी कोशिंबीर. कुकर लावणे आणि भाजी निवडणे आम्हा दोघा म्हाताऱ्यांकडे. नातवंडांशी रंगांच्या गप्पा मारणेही आमच्याकडेच. शिकवायचे कसे, हे मात्र सूनबाईने सांगितले. तेच इथे मांडतो.

पहिली गोष्ट अशी की, रंगांची नावे मुलांना वस्तूंच्या नावांपेक्षा जड जातात. चार्ल्स डार्विनना तर आपल्या मुलांचा रंगांच्या नावांतला गोंधळ पाहून ती रंगांध असावीत अशी शंका आली होती. कारण सोपे आहे. चमचा दाखवता येतो, पण ‘लाल’ नावाची वस्तू नसते. टोमॅटो, मिरची, कुंकू यांच्यात जे सारखे आहे ते मुलाला स्वतःच वेगळे काढावे लागते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मायकेल रॅम्स्कर आणि सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले की, वस्तूचे नाव आधी आणि रंग नंतर सांगितला तर लहान मुले तो लवकर शिकतात. म्हणजे ‘पिवळं वरण घे’ म्हणण्यापेक्षा ‘हे वरण बघ, पिवळं आहे’ असे म्हणावे. वस्तूवर लक्ष आधीच गेलेले असते, मग कान रंगाकडे वळतो.

दुसरी गोष्ट पायऱ्यांची. माँटेसरी पद्धतीत शब्द तीन टप्प्यांत शिकवतात. आधी आपण सांगायचे: ‘हा टोमॅटो लाल, ही काकडी हिरवी.’ मग मागायचे: ‘मला लाल फोड दे.’ शेवटी विचारायचे: ‘ही कोणत्या रंगाची?’ आपण मोठी माणसे थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारतो, आणि पाहुण्यांसमोर मुलाची परीक्षा घेतो. उत्तर चुकले की ‘नाही, नाही’ म्हणतो. सूनबाई सांगते, चुकले तर मागच्या पायरीवर यायचे, टोकायचे नाही. एका वेळी दोन-तीनच रंग घ्यायचे. माँटेसरीच्या रंगपेटीतही सुरुवातीला लाल, पिवळा आणि निळा या तीनच रंगांच्या जोड्या असतात.

या पेट्या एके काळी आपल्याकडच्या बालवाड्यांना परवडत नसत. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी यावर आपला मार्ग काढला. भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केल्यावर आणि १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिल्यावर त्या १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, नंतर कोसबाडला. तिथे त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी पाने, फुले, बिया, शंख-शिंपले, खडे हेच शिक्षणाचे साहित्य केले. मुले शाळेत येत नसतील तर शाळा मुलांच्या अंगणात न्यावी, हा त्यांचा विचार होता. अंगणात शाळा भरू शकते, तर ताटाभोवती का नाही? साहित्य तर रोज रात्री आपसूक मांडले जाते.

आता खास मराठीचा मुद्दा. हिंदीत लिंगे दोन, मराठीत तीन. इथली मुले ‘पीली दाल’ ऐकतात आणि घरी ‘पिवळी वरण’ म्हणतात. व्याकरण समजावून चार वर्षांच्या मुलाला काही कळणार नाही, पण ताट ते काम करते: पांढरा भात, हिरवी चटणी, पिवळं वरण. एकाच ताटात पुल्लिंग, स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग! रोज कानावर पडले की जीभ आपोआप वळते. लाल, गुलाबी, केशरी, पोपटी हे शब्द लिंगाप्रमाणे बदलत नाहीत, म्हणून सुरुवात ‘लाल’पासून करणे सोयीचे. काळा, निळा, पिवळा, जांभळा या शब्दांत ‘ळ’ही घटवला जातो. माळवी बोलीतही ‘ळ’ आहेच, त्यामुळे इथल्या मातीला तो परका नाही.

काही पदार्थांची नावे मात्र फसवी असतात. तांबडा भोपळा चिरल्यावर केशरी निघतो, काळा मसाला तपकिरी असतो, काळा चहाही तसाच. नवशिक्या मुलासमोर ही नावे रंग म्हणून घेऊ नयेत. रंग पक्के झाले की याच गमती सांगाव्यात, मुले खूप हसतात. निळा रंग आपल्या ताटात जवळजवळ नसतोच. त्यासाठी आम्ही निळा पेला ठेवला आहे. कुंपणावर गोकर्णीचा वेल असेल तर तिची निळी फुले गरम पाण्यात टाका. पाणी निळे होते आणि त्यात लिंबू पिळले की जांभळे. बीटाची कोशिंबीर दह्यात कालवताना पांढऱ्याचे गुलाबी होते. वरणाचा डाग कपड्याला पडला तर साबण लावल्यावर तो लालसर होतो, कारण हळद क्षारात रंग बदलते. पारंपरिक कुंकूही असेच हळदीवर क्षाराची क्रिया करून बनवतात. हे सांगितल्यावर डागाबद्दल ओरडायचे राहूनच जाते.

पाच वर्षांचे झाले तरी मूल लाल-हिरव्यात सतत गल्लत करत असेल, तर भाषेचा प्रश्न समजून सोडून देऊ नये. लाल-हिरवी रंगांधता जन्मजात असू शकते आणि मुलींपेक्षा मुलग्यांत बरीच जास्त आढळते. नेत्रतज्ज्ञ ठिपक्यांच्या चित्रांवरून ती सहज तपासतात. वेळीच कळले तर शाळेत मुलाला ‘लक्ष देत नाही’ असे ऐकावे लागत नाही.

पहिले सात-आठ रंग झाले की खरी श्रीमंती पुढे आहे. मराठीने रंगांना नावे दिली ती डोळ्यांसमोरच्या वस्तूंवरून: डाळिंबी, आमसुली, अंजिरी, बदामी, शेंदरी, विटकरी, राखाडी, पोपटी, मोरपंखी, अबोली. यातले प्रत्येक नाव म्हणजे एक वस्तू, एक वास, एक आठवण. इंग्रजी रंगपेटीवर ही नावे नसतात. ती आजी-आजोबांच्या तोंडी आहेत, आणि आपण ती सांगितली नाहीत तर आपल्याबरोबरच जातील. भैरवगडला बाटिकची कापडे पाहायला गेलात तर नातवंडांना बरोबर न्या. मेणाने नक्षी झाकून आधी फिका आणि मग गडद रंग कसा चढवतात, ते बघता बघता ही नावे सहज येतात.

बँकेत आम्ही ग्राहकांना आवर्ती ठेवीचे महत्त्व सांगायचो: रक्कम लहान असली तरी चालेल, हप्ता चुकता कामा नये. घरातल्या भाषेचे तसेच आहे. दमलेल्या आई-बाबांवर वेगळा भार नको, वही-पुस्तक नको. जेवताना मोबाईल बाजूला ठेवावा, आणि रोज एका पदार्थाचा रंग मराठीत सांगावा. आपल्या घरात आजी वापरत असलेली रंगांची नावे सभासदांनी लिहून मंडळाकडे जरूर द्यावीत. मुलांसाठी आपल्या सर्वांची मिळून एक यादी तयार करू या.