केजीएफ: सोनं संपलं, डोंगर उरले

आजचा भाग खास त्यांच्यासाठी, ज्यांनी ‘केजीएफ’ दोन-दोनदा पाहिलाय. पिक्चरमधली गोष्ट काल्पनिक आहे, पण ती खाण खरी आहे. तिथले मातकट डोंगरही खरे आहेत.

मी मोर्शीचा, नोकरीला बंगळुरूत. कोलार गोल्ड फील्ड्स इथून साधारण १०० किलोमीटर. एका रविवारी बंगारपेटहून मारिकुप्पमची पॅसेंजर पकडली आणि गेलो. खाण बंद पडल्यापासून तिथली हजारो माणसं याच गाड्यांनी रोज बंगळुरूला कामाला येतात.

आधी थोडा इतिहास. १८८० मध्ये जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश कंपनीने इथलं काम हातात घेतलं. १९०२ मध्ये खाणीसाठी थेट शिवनसमुद्रमहून वीज आली. चॅम्पियन रीफ खाण तर ३ किलोमीटरपेक्षा खोल गेली. तळाशी दगडाचं तापमान ६० अंशांच्या वर. आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये याच खाणीत वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो टिपले.

सुमारे १२० वर्षांत इथून ८०० टन सोनं निघालं. पण सुरुवातीला टनभर दगडातून ४० ग्रॅमच्या वर मिळणारं सोनं शेवटी ३ ग्रॅमवर आलं. खर्च परवडेना. २८ फेब्रुवारी २००१ ला खाण बंद झाली.

आता खरा प्रश्न. टनातून ३ ग्रॅम काढले, तर बाकीचा टन गेला कुठे?

तेच ते डोंगर. दगड पिठासारखा दळायचा, त्यात सायनाइडचं पाणी घालायचं, सोनं त्यात विरघळतं. ते पाणी गाळून सोनं वेगळं काढायचं आणि उरलेला गाळ बाहेर टाकायचा. असे १३ ढीग, सुमारे ३ कोटी ३० लाख टन! लोक त्यांना सायनाइडचे डोंगर म्हणतात. गंमत म्हणजे सायनाइड ऊन-वाऱ्याने हळूहळू विघटित होतं. आर्सेनिक मात्र कुठेच जात नाही. दगडातल्या गंधकाच्या खनिजांना हवा-पाणी लागलं की आम्ल तयार होतं आणि ते धातूंना सोबत घेऊन पाझरतं. उन्हाळ्यात हीच पिठासारखी धूळ वस्तीवर उडते. ती बारीक सिलिका फुप्फुसात साचते. खाणीत काम केलेल्यांना सिलिकोसिस काय असतो ते चांगलं माहीत आहे.

जमिनीखालीही तेच. खाण चालू असताना पंप सतत पाणी उपसतात. पंप थांबले की बोगदे भरतात. म्हणजे ‘बंद’ हा शब्द फक्त कागदावर. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर ऑफ केला, पण डेटा तिथेच पडून आहे आणि पासवर्ड कोणाकडेच नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाची तारीख: २००३. त्या वर्षी केंद्राने नियम बदलला. खाण बंद करायची योजना आधी द्या, त्यासाठी पैशाची हमीही ठेवा. केजीएफ त्याच्या दोनच वर्षं आधी बंद झाली होती. १२० वर्षं सोनं नेलं, पण निस्तरायचे पैसे बाजूला ठेवायला कोणी कोणाला भागच पाडलं नव्हतं.

परत आलो तेव्हा मला आमचा संत्र्याचा मळा आठवला. मोर्शी-वरुडकडे बोअर किती खोल जातात ते तुम्हाला माहीतच आहे. आमचा एक कोरडा गेला. मी म्हटलं, बुजवून टाका. बाबा म्हणाले, “खोदाले पैसे लागले, आता बुजवाले बी लागतीन काय?” तोंडावर एक फरशी ठेवली, झालं! उघड्या बोअरमध्ये लेकरं पडतात म्हणून सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये ते जमिनीपर्यंत भरायला सांगितलंय. बाबांचा हिशेब आणि खाणवाल्यांचा हिशेब एकच: खोदणं म्हणजे काम, बुजवणं म्हणजे फालतू खर्च.

२०२४ मध्ये कर्नाटक सरकारने त्या १३ ढिगांतून पुन्हा सोनं काढायला संमती दिली. चांगलंच आहे. फक्त पहिला प्रश्न ‘किती सोनं निघेल’ हा नको. काढून झाल्यावर उरलेला गाळ कुठे ठेवणार, आणि त्याचे पैसे आजच कोण बाजूला काढणार, हे आधी विचारा.

आमचा बोअर या दिवाळीत मी बुजवला. मुरूम, माती आणि मजुरी धरून खर्च आला, पण खोदाईपेक्षा कितीतरी कमी. तुमच्या वावरात असा एखादा पडून असेल, तर हा भाग बाबांना नक्की ऐकवा. भेटू पुढच्या भागात!