आधी रांग मोजा, मग तारीख द्या

मीरा रोडच्या किंवा भाईंदरच्या वन-बीएचकेमध्ये बसून ऑर्डरीची चित्रे करणाऱ्या कलाकाराला दुकान नसते, काउंटर नसतो, आणि ग्राहकाला दिसेल अशी कामांची रांगही नसते. लग्नाच्या वाढदिवसाचे पोर्ट्रेट, नव्या घराची नेमप्लेट, कुणाच्या लाडक्या कुत्र्याचे चित्र, बालपुस्तकाची आतली पाने, सगळी कामे इन्स्टाग्रामवरून नाहीतर व्हॉट्सॲपवरून येतात. पडद्याआडच्या प्रत्येक ग्राहकाला वाटते, आपले काम एकटेच आहे. हळूहळू कलाकारही तसाच बोलू लागतो. विचारणाऱ्याला तो ‘दहा दिवसांत देतो’ म्हणतो, कारण हाती ते एकच चित्र असते तर ते खरोखर दहा दिवसांत झाले असते. पुढे उशीर झाला की तो स्वतःच्या आळसाला बोल लावतो, पहाटे उठण्याचे संकल्प करतो, नवे ॲप उतरवून घेतो. माझे म्हणणे असे की, वेळापत्रक काम करताना क्वचितच बिघडते. ते ऑर्डर घेतानाच बिघडलेले असते, तेव्हा दुरुस्तीही तिथेच करायला हवी.

कोकणातल्या गणपतीच्या शाळांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवला आहे. चतुर्थीच्या बऱ्याच आधी घरचा पाट मूर्तिकाराकडे नेऊन द्यायची रीत तिथल्या अनेक गावांत आहे, आणि मूर्ती त्या पाटावर बसूनच घरी येते. आलेले पाट शाळेत रचून ठेवलेले असतात, त्यामुळे अंगावर किती काम आहे हे मूर्तिकाराला मान वर करताच दिसते, नवा पाट घेऊन आलेल्यालाही दिसते. मुदत तर हलणारच नाही, चतुर्थी उलटल्यावर तयार झालेली मूर्ती कोण नेणार? म्हणून हिशेब शेवटाकडून मांडावा लागतो. डोळ्यांची आखणी शेवटी, त्याआधी रंग, त्याआधी वाळवण. शाडूला भर पावसाळ्यातल्या दमट हवेत वाळायला वेळ लागतो आणि ओल्या मातीवर रंग टिकत नाही, तेव्हा हे दिवस कितीही घाई केली तरी कमी होत नाहीत. शिवाय सण तिथीचा. २०२५ ची गणेश चतुर्थी २७ ऑगस्टची, तर २०२६ ची, अधिक ज्येष्ठामुळे, १४ सप्टेंबरची. मागच्या वर्षीच्या इंग्रजी तारखा पाहून यंदाचा हंगाम आखणारा अठरा दिवसांनी चुकेल. भेटवस्तूंच्या ऑर्डरी दिवाळीवर आणि लग्नसराईवर चालतात, म्हणून पोर्ट्रेट करणाऱ्याच्या भिंतीवरही पंचांगाचे कॅलेंडर असायला हवे.

पाट दिसतात, व्हॉट्सॲपवरचे होकार दिसत नाहीत, म्हणून ते मोजावे लागतात. जॉन लिटल या अमेरिकी अभ्यासकाने १९६१ मध्ये रांगांविषयीचा एक साधा नियम सिद्ध केला: रांगेतल्या कामांची संख्या म्हणजे कामे येण्याचा दर गुणिले प्रत्येकाला लागणारा काळ. आपल्या उपयोगाचा अर्थ एवढाच, की हाती बारा चित्रे असतील आणि आठवड्याला तीन पुरी होत असतील, तर आज आलेल्या ग्राहकाला चार आठवडे थांबावे लागणार. त्याला दोन आठवड्यांची तारीख दिली तर ते दोन आठवडे आधीच्या कुणाच्या तरी वाट्याचे असतात. आठवड्याला तीन हा आकडाही खरा हवा. फोटो मागवणे, करेक्शनची बोलणी, फ्रेम, पॅकिंग, कुरिअर, बिले यांत कामाचे पुष्कळ तास जातात, आणि ते वजा करून उरलेले तासच चित्राचे.

दुसरी गफलत सगळ्यांना खूश ठेवण्याच्या धडपडीत होते. प्रत्येकी आठवडाभराची चार चित्रे एकामागून एक केली, तर ती पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्याच्या शेवटी हातावेगळी होतात. रोज चारही पुढे सरकवायची म्हटली तर चारही चौथ्याच आठवड्यात संपतात. मेहनत तेवढीच, पण आता तीन ग्राहक विनाकारण ताटकळले आणि तिघांची उरलेली रक्कमही अडकली. तैलरंगात थर वाळेपर्यंत थांबावे लागते, तेव्हा दोन-तीन चित्रे एकदम हाती असणे रास्त आहे. आठ असण्याला मात्र असे कारण सापडत नाही.

कला घड्याळावर चालत नाही, हा आक्षेप मी हलका मानत नाही. चेहऱ्यावरचा भाव कधी तासात साधतो, कधी चार दिवस साधत नाही. पण म्हणूनच कमी कामे घ्यायला हवीत. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या बुलर, ग्रिफिन आणि रॉस यांच्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी ३४ दिवसांत संपेल असे सांगितले होते. लागले ५५ च्या वर. सगळे वाईटात वाईट घडले तर किती लागतील, या प्रश्नाचे त्यांचे उत्तरही ४९ च्या आतच होते. यावर उपाय म्हणजे अंदाज सोडून मागच्या दहा चित्रांना प्रत्यक्ष किती दिवस लागले ते वहीत पाहणे. राजा रविवर्म्यांना १८८८ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडून चौदा पौराणिक चित्रांचे काम मिळाले. त्यासाठी त्यांनी आधी देशभर हिंडून वेशभूषा पाहिल्या, धाकटे बंधू राजा राजवर्मा मदतीला होते, आणि सुमारे दोन वर्षांत चौदाही चित्रे पुरी झाली. पाहण्याचा, हिंडण्याचा काळही कामाचाच धरला तर प्रतिभेला मुदतीचे वावडे नसते.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे आणि तो जास्त जड आहे. घराचा हप्ता दर महिन्याला येतो, ऑर्डरी मात्र झुंडीने येतात; मग आलेले काम परतवायचे कसे? परतवायचे नाही, पुढची खरी तारीख सांगायची आणि ॲडव्हान्स घेऊनच ती राखून ठेवायची. थांबायला तयार असलेला ग्राहक पैसे देऊन नाव लावतो; न थांबणारा आजच दुसरीकडे जातो, महिनाभराने चिडून जात नाही. रांग सतत लांबत असेल तर दर वाढवायची वेळ झाली असे समजावे. ॲडव्हान्स घेताना तारखेबरोबर रफ स्केचनंतर किती बदल करून मिळतील तेही लिहून द्यावे. त्याच कागदावर हक्कांचाही उल्लेख हवा, कारण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल तर मोबदला देऊन काढून घेतलेल्या चित्राचा पहिला हक्कदार ते काढवून घेणारा ठरतो. पुढे त्या चित्राचे प्रिंट विकायचा विचार असलेल्याने हे विसरू नये.

राहिली तातडीची कामे. वाढदिवस परवावर आला आणि आत्ता आठवले, असे फोन येणारच, आणि सगळेच टाळावेत असे नाही. आठवड्यातली एक जागा कुणालाही न देता मोकळी ठेवावी आणि तिचा दर जादा असल्याचे उघड सांगावे. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये काचेची फ्रेम नेणे अशक्यच, म्हणून पोहोचवण्याच्या कामांसाठीही आठवड्यातली एक दुपार ठरवून टाकावी, तातडीचे चित्र शक्यतो त्याच फेरीत जावे. ती मोकळी जागा कुणी घेतली नाही तर वाया जात नाही, कारण रेंगाळलेले एखादे चित्र बहुतेक आठवड्यांत असतेच.