खोली भाड्याची, परवाना पालिकेचा

‘लायसन्सवर घर दिले’ असे मराठी माणूस म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात अकरा महिन्यांचा ‘लीव्ह अँड लायसन्स’ करार असतो. तो परवाना घरमालक राहणाऱ्याला देतो. भाडेघरांच्या परवाना पद्धतीत मात्र परवाना घरमालक मागतो आणि पालिका देते, तेही खोली राहण्याजोगी आहे की नाही हे पाहून. इंग्लंडमध्ये २००४ च्या गृहनिर्माण कायद्याने पाच किंवा अधिक माणसे, एका कुटुंबातली नसून, स्वयंपाकघर किंवा संडास सामाईक वापरत असतील तर त्या घराला असा परवाना सक्तीचा केला. वेल्समध्ये २०१५ पासून खासगी घरमालकांची नोंदणी होते.

धाराशिव जिल्ह्यात भाड्याच्या घराची नोंद तीन ठिकाणी होऊ शकते. पहिली दुय्यम निबंधकाकडे. मराठवाड्यात पूर्वी हैदराबादचा १९५४ चा भाडे कायदा चाले. त्याची जागा ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने घेतली. त्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय नोंदणी नसताना वाद झाला, तर मालक उलट सिद्ध करेपर्यंत अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. दुसरी नोंद पोलीस ठाण्यात, भाडेकरूच्या माहितीची. तिसरी नगरपालिकेच्या मालमत्ता कराच्या आकारणी यादीत, मालकाच्या शेजारच्या ‘भोगवटादार’ या रकान्यात.

या तिन्ही कागदांत माणसे आणि पैसे नोंदले जातात, घर कोणी पाहत नाही. धाराशिवमध्ये विद्यापीठाचे उपकेंद्र आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्था. खेड्यातून शिकायला आलेली मुले कॉट बेसिसवर राहतात. जिन्याखाली गॅसची टाकी, चार खोल्यांना मिळून एक वीजमीटर, खिडकी उघडली की शेजारच्याची भिंत, आणि नळाला पाणी येईल त्या दिवशी भरून ठेवायच्या बादल्या, अशी खोली करारात फक्त ‘एक खोली’ म्हणून उतरते.

भिंतीचा प्रश्न तर या जिल्ह्यात सर्वांत आधी यायला हवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात उमरगा-लोहारा भागात दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. तशा बांधणीच्या जुन्या वाड्यातली खोली भाड्याने देताना ती अभियंत्याने एकदा डोळ्यांखालून घालावी, ही मागणी मुळीच जादा नाही.

सध्याच्या कायद्यात दुरुस्तीची तरतूद आहे. कलम १४ प्रमाणे नोटीस देऊन १५ दिवसांत मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाची. पण हा हक्क भाडेकरूचा आहे. लायसन्सवर राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो, आणि आज खोली घेणारे बहुतेक लायसन्सवरच राहतात. पालिकेचा परवाना घराला चिकटलेला असल्याने आत राहणाऱ्याचे कायदेशीर नाव काय, हा प्रश्नच उरत नाही. त्याची खरी किंमत इथे आहे.

सुरुवात आकारणी यादीपासून करता येते. ती दर चार वर्षांनी नव्याने होते. त्याच फेरीत भाड्याच्या खोल्या मोजाव्यात. त्यासाठी उपविधी आणि शासनाची मंजुरी लागेल. पहिल्या वर्षी नाममात्र फी घेऊन फक्त नोंदणी, पुढे तपासणी. छोट्या पालिकेत अभियंते आणि स्वच्छता निरीक्षक मोजकेच, म्हणून माळवदाची घरे आणि कॉट बेसिसच्या इमारती आधी, वर एक खोली काढून देणारी विधवा मालकीण सर्वांत शेवटी. तपासायच्या गोष्टी थोड्याच ठेवाव्यात: भिंत व छत, वायरिंग, संडास, पाण्याची टाकी, बाहेर पडायची वाट.

धोकाही उघड आहे. खर्च वाढला की भाडे वाढते, आणि दुरुस्तीच्या निमित्ताने राहणाऱ्याला बाहेर काढले जाते. म्हणून दोष सापडल्यावर मालकाला दुरुस्तीची मुदत द्यावी आणि त्या मुदतीत खोली रिकामी करायला लावू नये. अपवाद फक्त कोसळायला आलेल्या छताचा. तिथे माणसे त्याच दिवशी हलवून त्यांच्या राहण्याची सोय पालिकेने करावी आणि अनामत रक्कम मालकाने लगेच परत द्यावी.